नवऱ्याच्या काडतुसातली दारू

नवऱ्याची दारू कमी करायला निघालेल्या बायका आमच्या खोऱ्यात हव्या तेवढ्या सापडतील. मीही त्यांतलीच एक, फक्त माझ्या नवऱ्याची दारू बाटलीत नव्हती, काडतुसात होती. बाकी सगळं त्यांच्यासारखंच झालं. नवरा सुधारला आणि श्रेय भलत्यानंच घेतलं.

हा भलता म्हणजे माझा थोरला दीर, लॉइड. मोंटानात एल्कच्या शिकारीला जाणारा प्रत्येक जण काडतुसांवर बोलतो, पण लॉइड बोलायला लागला की समोरच्याच्या कपातली कॉफी गार होते. त्याचं सगळं शास्त्र एवढंच की एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण, तेव्हा काडतूसही तसंच दणदणीत पाहिजे. आणि जनावर हातचं गेलं तर समजायचं, काडतूस लहान पडलं. शिकारी चुकला असं त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलेलं नाही. त्याच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण आहे. एका राक्षसी बंदुकीनं मागे धक्का दिला तेव्हा तिच्यावरची दुर्बीण कपाळात येऊन बसली, त्याची ती खूण. दुसऱ्या कुणी टोपी पुढे ओढून ती झाकली असती. लॉइड टोपी मागे सारून दाखवतो.

माझा नवरा वेंडेल भावाच्या अगदी उलट. तो जिल्ह्याच्या रस्त्यांवर यंत्र चालवतो. हिवाळाभर बर्फ ढकलायचा, उन्हाळाभर खडी. यंत्राच्या काचेमागे बोलायला कुणी नसतं, त्याची त्याला इतकी सवय झाली की घरी आला तरी तो काचेमागेच असतो. "हं", "बरं" आणि "मीठ दे" एवढ्यावर आमचा संसार चालतो. पण ऑक्टोबरात आम्ही डोंगरात तंबू ठोकला की हाच माणूस बोलायला लागतो. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल तो माझ्याशी तिथंच बोलला. लग्नाचंही त्यानं तिथंच विचारलं, कोपरापर्यंत हात रक्तानं माखलेले, मारलेल्या एल्कची तंगडी उचलून धरलेली. "ही धर जरा," म्हणाला, "आणि माझ्याशी लग्न करशील का?" मी आधी तंगडी धरली.

तरुणपणी त्याचा नेम चांगला होता. वडिलांची जुनी थर्टी-ऑट-सिक्स बंदूक घेऊन जायचा आणि मांस घेऊन यायचा. मग एका वर्षी एका नर एल्कवरचा नेम चुकला. चुकतो एखादा. पण लॉइड म्हणाला, "लहान पडलं काडतूस." वेंडेलनं मोठी बंदूक घेतली. मोठी बंदूक खांद्याला मोठी लाथ मारते, म्हणून पुढच्या वर्षी तो जास्त चुकला. लॉइड म्हणाला, "अजून लहान पडतंय बघ." असं करत करत गेल्या वर्षी तो तीनशे मॅग्नमपर्यंत येऊन पोचला, आणि त्या बंदुकीनं एक नर जखमी झाला आणि निसटला.

ते आठवलं की अजून मला कसंतरी होतं. बर्फावर रक्त होतं, मग थेंब थेंब, मग काहीच नाही. वेंडेल त्याच्या मागावर रोज उजाडताच निघायचा आणि अंधार पडला की पाय ओढत परत यायचा. शेवटी नवा बर्फ पडला आणि मागच पुसला गेला. घरी आल्यावर तो टेबलाशी बसला, पुढ्यातल्या ताटाला हात लावला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात सलग बोलला.

"डोरीन, आणखी एक जनावर असं माझ्या हातून तडफडत मेलं ना, तर मी बंदूक विकणार. डोंगर बंद."

मी "बरं" म्हणाले, पण मला धडकी भरली. मला एल्कच्या मांसाचं काय, गाईचं मिळतं. डोंगर बंद म्हणजे वेंडेलचं बोलणं बंद. मग मरेपर्यंत "हं" आणि "मीठ दे". माझं या माणसावर प्रेम आहे, आणि तो मला वर्षातून एका महिन्यापुरताच भेटतो. तो महिना मी सोडणार नव्हते.

लॉइडकडे औषध तयार होतंच. "एवढंच ना? त्याहून मोठी थ्री थर्टी-एट मॅग्नम घे. खांद्यात लागो नाहीतर ढुंगणात लागो, जनावर जागच्या जागी बसलंच पाहिजे!"

वेंडेलनं घेतली. फुशारकीसाठी नाही घेतली, जनावराला त्रास होऊ नये म्हणून घेतली. म्हणूनच मला त्याच्यावर रागावताही येईना.

आमच्याकडे नेमबाजीची परीक्षा कागदी थाळीवर होते. सहलीला केक खायला वापरतात तसली साधी थाळी. ती फळीला टाचायची, आणि जेवढ्या अंतरावरून सगळ्या गोळ्या तिच्यात पडतील तेवढाच आपला पल्ला मानायचा. एल्कच्या बरगड्यांमागे जीव असतो, त्याची जागाही साधारण तेवढीच असते. गावाबाहेर खडीची जुनी खाण आहे, तिथं रविवारी सगळे हेच करत असतात. वेंडेलनं नवी बंदूक नेली आणि खोकाभर काडतुसं उडवली. मागच्या मातीच्या ढिगाऱ्याची चाळण झाली, थाळीवर मात्र हवं तर जेवून घ्यावं.

"दुर्बीण हलली असेल," वेंडेल म्हणाला.

"हलली असेल," मी म्हणाले.

आता, आमच्या घरी गोळ्या झाडतो वेंडेल, पण काडतुसं भरते मी. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. तळघरात कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी माझं बाक आहे, वर काटा, डबे आणि दाबायचं यंत्र. एका बाजूला वेंडेलच्या विजारी फिरत असतात, दुसऱ्या बाजूला मी दारू तोलत असते. तर मी त्या बाकावर एक काडतूस बनवलं, दिसायला अगदी खरं, आत काहीच नाही. पुढच्या रविवारी खाणीत ते हळूच बाकीच्यांत सरकवलं.

वेंडेलनं नेम धरला. चाप ओढला. बंदूक फक्त "खट्" म्हणाली. बार झालाच नाही, पण वेंडेल मात्र उडाला. डोळे गच्च मिटले, खांदा पुढे घुसला, आणि नळीनं जमिनीला असा नमस्कार केला की पाहुण्यांसमोर आलेली नवी सूनसुद्धा एवढं वाकत नाही.

"फुसकं निघालं," तो म्हणाला, डोळे उघडून.

"माझंच चुकलं असेल," मी म्हणाले.

म्हणजे माझा नवरा दचकत होता. काडतूस लहान नव्हतं, मोठं होतं. इतक्या वर्षांच्या लाथा खाऊन त्याचं अंग शहाणं झालं होतं आणि चाप ओढायच्या आधीच पळ काढत होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, घोडासुद्धा असंच करतो. पण आमच्या खोऱ्यात पुरुषाला तुम्ही सांगू शकता की तुझी गाडी भंगार आहे, तुझा कुत्रा वेडा आहे, तुझा जावई भामटा आहे. तो ऐकून घेईल, वर आणखी एक बिअर मागवेल. "तू दचकतोस" हे मात्र सांगायचं नसतं. एकानं दुसऱ्याला हे चर्चच्या पायरीवर सांगितलं होतं, त्यांचे नातू अजून एकमेकांच्या कुंपणाला हात लावत नाहीत.

म्हणून मी सांगितलं नाही. तळघरात गेले आणि दारू कमी केली.

दारू नुसती अर्धी भरून भागत नाही बरं का. मोठ्या काडतुसातली मंद जळणारी दारू कमी भरली तर बंदूकच फुटायची. हलक्या भरणीला दारूच वेगळी लागते. नवशिक्यांना शिकवायला जशी भरतात तशी ती मी पुस्तकात बघून, काट्यावर तोलून भरली. वरून तेच लांबलचक पितळ, तीच जाडजूड गोळी. आत स्वभाव गरीब गाईचा. डब्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "जोरदार".

त्या रविवारी वेंडेलनं पहिली गोळी झाडली आणि थाळीला भोक पडलं. दुसरं पडलं. तिसरं पहिल्याला चिकटून पडलं. वेंडेल बंदुकीकडे बघत राहिला.

"आवाज जरा बसका वाटतो," तो म्हणाला.

"हवा दमट आहे."

आमच्याकडे सप्टेंबरात हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. वेंडेलनं फुटक्या ओठांवरून जीभ फिरवली आणि मान डोलावली.

तेवढ्यात लॉइड आला. थाळी हातात घेऊन त्यानं ती उन्हात धरली, जणू भोकं त्यानं स्वतः पाडली होती. "काय सांगत होतो मी? ताकद! ताकदीला पर्याय नाही. आण इकडे, मी बघतो." त्यानं पाय रोवले, दात आवळले, टोपी मागे सारली आणि एक गोळी झाडली. मग बंदूक खाली ठेवून खांदा चोळत त्यानं एक मोठा उसासा सोडला. "आई गं! खांदा निखळला असता! हे झालं खरं काडतूस. डोरीन, तू असल्याच्या वाटेला जाऊ नकोस हं, तुझं काम नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोंडापर्यंत आलेलं मी कसंबसं गिळलं आणि त्याला एक कुकी दिली.

माझ्या डोक्यात सगळं सोपं होतं. वेंडेल शहाणा माणूस, नेहमी जवळ जाऊनच गोळी झाडतो, आणि जवळून माझं काडतूस कुठल्याही एल्कला पुरेसं होतं. दोनशे यार्डांपलीकडे मात्र माझी गोळी जिना चढून दमलेल्या म्हाताऱ्यासारखी खालीच बसायची. पण थाळ्यांना भोकं पडू लागली तसा वेंडेल बदलला. जेवताना तो अचानक म्हणाला, "ही तर चारशेवरही जाईल." माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. पण तो स्वयंपाकघरात हसत होता. स्वयंपाकघरात! मी ठरवलं, डोंगरात जायच्या आधी सांगू. मग ठरवलं, तंबू ठोकला की सांगू. मग तंबू ठोकला, शेगडी पेटवली, घोड्यांना चारा घातला, आणि वेंडेल बोलायला लागला. ते थांबवून कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याबरोबर आलेला लॉइड घोड्यांपाशी थांबला आणि आम्ही दोघं कड्यावर चढलो. शेवटचा तुकडा पोटावर सरपटत गेलो आणि डोकं वर काढलं. समोरच्या उतारावर, मधल्या घळीच्या पलीकडे, पिवळ्या गवतात माद्यांचा कळप चरत होता आणि त्यांच्यामागे तो नर. काय नर होता! शिंगं पाठीपर्यंत गेलेली, मान काळी, अंगावरून वाफ निघत होती.

वेंडेलनं पाठीवरची पिशवी पुढे ठेवली, तिच्यावर बंदूक टेकवली आणि अंतर मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं.

"चारशे दहा," तो पुटपुटला. आवाजात भीती नव्हती.

"लांब आहे," मी कुजबुजले.

"ह्या काडतुसाला लांब काय?"

"वारा आहे."

"पान हलत नाही, डोरीन."

"लहान आहे रे नर. पुढच्या वर्षी मोठा होईल."

त्यानं दुर्बिणीतून डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. "लहान? त्याची शिंगं घराच्या दारातून आत यायची नाहीत!"

"मला लघवीला लागलीय."

"मग जा की! झुडपं काय कमी आहेत?"

तो पुन्हा बंदुकीवर वाकला. बोट चापाकडे सरकलं. मला दिसलं ते असं: गोळी खाली जाईल, पायात लागेल, तो नर तीन पायांवर रानात शिरेल, पुन्हा रक्त, पुन्हा बर्फ, आणि मग माझा नवरा कायमचा काचेमागे. मी हात पुढे करून दुर्बिणीची काच झाकली.

"काय करतेस!"

"वेंडेल, ते काडतूस थ्री थर्टी-एट नाही."

"नाही म्हणजे?"

"आहे थ्री थर्टी-एटच. पण त्यात दारू कमी आहे. मी कमी केली. चारशेवर गोळी पोचणार नाही, त्याच्या गुडघ्यात जाईल."

त्यानं चापावरचं बोट काढलं. मला वाटलं, काच आत्ताच बंद झाली.

"किती कमी?"

"नवशिक्यांना भरतात तेवढी."

"म्हणजे त्या सगळ्या थाळ्या..."

"हो."

"हवा दमट नव्हती."

"तुझे ओठ फुटले होते, वेंडेल."

तो कुशीवर वळला. मला वाटलं आता हा ओरडणार, कळप उधळणार. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी होतं. त्यानं बंदुकीची कडी मागे ओढली आणि आतलं काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पितळ नवंकोरं, चकचकीत. माझं काम मी अंधारातही ओळखते. हे माझं नव्हतं.

"दुकानातलं आहे," वेंडेल म्हणाला. "लॉइड म्हणाला, सरावाला घरचं ठीक आहे, पण खऱ्या शिकारीला दुकानातलं वापर. बायकोच्या हातचं काही झालं तरी..." पुढचं त्यानं गिळलं.

"बायकोच्या हातचं काय?"

"काही नाही."

"इतकी वर्षं मी तुझी काडतुसं भरते! एक तरी फुसकं निघालं? तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्या काडतुसात दारू नव्हती, डोरीन!"

"ते तुला आत्ता कळलं! विश्वास आधीच उडाला होता!"

हे सगळं कुजबुजत चाललं होतं, नाकाला नाक लावून, पोटावर पडून. संसारातली भांडणं मी पुष्कळ केली, पण आवाज न करता भांडण्याइतकं अवघड काही नाही. वाफ कोंडते. पलीकडे एका म्हाताऱ्या मादीनं मान वर करून आमच्या दिशेनं पाहिलं, कान हलवले आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. तिच्या घरीही असंच चालत असावं.

वेंडेल जरा विचार करून म्हणाला, "पण मग हे दुकानातलं तर पोचेल ना चारशेवर? पूर्ण दारूचं आहे."

"पोचेल. कुठं पोचेल ते सांग. दुर्बिणीचा नेम माझ्या हलक्या काडतुसावर जुळवलाय, हे वरून जाईल. आणि..."

"आणि काय?"

मी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. त्यानं त्या चकचकीत काडतुसाकडे पाहिलं. एका हातानं उजवा खांदा चाचपला. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं.

"डोरीन, मी दचकतो का?"

आमच्या खोऱ्यात हा प्रश्न कुठल्या पुरुषानं स्वतःच्या तोंडानं विचारलेला मला तरी माहीत नाही. मला रडू आलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्यासमोर ठेवलेली सगळ्यात अवघड गोष्ट होती ती, त्या तंगडीपेक्षाही.

"हो," मी म्हणाले. "लाथेला दचकतोस. डोळे मिटतोस. हलकं काडतूस असलं की नाही मिटत. तुझा नेम अजून तसाच आहे रे, तुझ्या वडिलांच्या बंदुकीवर होता तसा."



"लॉइडला माहीत आहे?"

"लॉइड स्वतः दचकतो. माझं हलकं काडतूस झाडून खांदा चोळत बसला होता, विसरलास?"

वेंडेलला हसू फुटलं. त्यानं टोपी तोंडात कोंबली तरी खांदे गदगदत राहिले. त्याला बघून मलाही आवरेना. दोन म्हातारी माणसं शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटांत, कड्यावर पालथी पडून, तोंडात टोप्या कोंबून हसतायत, आणि पलीकडे तो नर शांतपणे चरतोय. त्याला कळलं असतं की त्याच्यावरून काय चाललंय, तर तो शहाणा उठून निघून गेला असता.

डोळे पुसून वेंडेल म्हणाला, "तुझी आणलीस का?"

मी जाकिटाच्या खिशात हात घातला. नवऱ्याचं शिकारीला काय काय विसरतं ते सगळं माझ्या खिशात असतं, हातमोजे, काड्यापेटी, चष्मा. माझी काडतुसं होती तिथं मूठभर. त्यानं दुकानातली सगळी काढून पिशवीच्या तळाशी टाकली आणि माझी भरली. एकेक, सावकाश, जणू ती काचेची होती.

"आता जवळ जावं लागणार," तो म्हणाला.

"जाऊ."

घळीत उतरलो, पाण्यातून पलीकडे गेलो, आणि झाडांच्या आडोशानं वर चढू लागलो. आता वारा सुटला होता, तोही तोंडावर, म्हणजे आमचा वास नराला लागणार नव्हता. माझे गुडघे बोलत होते, वेंडेल मात्र गप्प होता. मी मागून चालत देवाला म्हणत होते की मी हवं तर दर रविवारी लॉइडला कुकीज खाऊ घालीन, पण आज या माणसाचा हात हलू देऊ नकोस. शेवटच्या झाडापाशी तो बसला. कोपरं गुडघ्यांवर टेकली. नर आता इतका जवळ होता की त्याचं चघळणं ऐकू येत होतं. एक झुडूप मध्ये होतं, तेवढं ओलांडून तो पुढे आला आणि आडवा उभा राहिला.

मी नराकडे पाहिलंच नाही. मी वेंडेलच्या डोळ्याकडे बघत होते, दुर्बिणीला लावलेल्या. तो उघडा होता. चाप मागे गेला, बार झाला, आणि डोळा उघडाच राहिला.

नर हलला नाही. तसाच उभा. मग दोन-चार पावलं टाकून विलोच्या झुडपांच्या जाळीत शिरला आणि दिसेनासा झाला.

"लागली का?" मी विचारलं.

"जिथं धरली होती तिथंच लागली," वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज स्थिर होता. "थांब जरा. घाई नको."

आम्ही थांबलो. मी थर्मासमधली कॉफी ओतली, तिच्यातली निम्मी बुटावर सांडली. मग उठून जाळीच्या पलीकडे गेलो. तो तिथंच पडला होता, कुशीवर, झोपल्यासारखा. त्याला पुढे जायची गरजच पडली नव्हती. वेंडेलनं टोपी काढली, गुडघ्यावर बसला आणि त्याच्या काळ्या मानेवर हात ठेवला. गेल्या वर्षीच्या नराबद्दल तो त्याला काहीतरी सांगत होता. मी जरा लांब उभी राहिले, कारण ते माझ्यासाठी नव्हतं.

बार ऐकून लॉइड घोडे घेऊन वर आला तेव्हा आम्ही दोघं कोपरापर्यंत माखलो होतो.

"एकच बार ऐकला मी. एका गोळीत?"

"एका," वेंडेल म्हणाला.

"आणि जागच्या जागी! काय होतं? थ्री थर्टी-एटच ना? सांगितलं होतं की नाही? बोल, सांगितलं होतं की नाही?"

मी सुरी घट्ट धरली आणि पुन्हा गिळायची तयारी केली. वेंडेलनं हात गवताला पुसले.

"थ्री थर्टी-एट डोरीन," तो म्हणाला.

आमच्याकडे नव्या काडतुसाला ते बनवणाऱ्याचं नाव चिकटतं, तेव्हा ऐकायला त्यात काही वावगं नव्हतं. लॉइडच्या कपाळावर आठ्या पडल्या. जगात एखादं काडतूस आहे आणि ते आपल्याला माहीत नाही, असं तो मेला तरी कबूल करणार नव्हता.

"हां, हां," तो म्हणाला. "वाचलंय मी त्याच्याबद्दल. नवीनच आलंय."

"नवीन नाही रे. जुनंच आहे. माझंच लक्ष नव्हतं."

"लाथ फार मारतं म्हणे."

"मारतं," वेंडेल म्हणाला. "आज सकाळीच खाल्ली."

मी मांसावर इतकी वाकले की नाक त्याला टेकलं. हसत होते का रडत होते ते मला विचारू नका.

मांस घोड्यांवर लादून उतरायला लागलो. लॉइड पुढे, मध्ये घोडे, मागे आम्ही दोघं. वेंडेल बोलत होता. घळीबद्दल, वडिलांच्या बंदुकीबद्दल, आईच्या हातच्या पावाबद्दल, पहिल्यांदा खांदा दुखला तेव्हाबद्दल. अर्ध्या वाटेत लॉइड खोगिरावरून मागे वळला.

"अरे वेंडेल, तुला झालंय काय? जरा गप्प बस की!"

वेंडेल गप्प बसला नाही. पुढच्या ऑक्टोबरात तंबू कुठं ठोकायचा, ते तो मला सांगत होता.